तळावरचं टिंब

ट्रेसरबाई नोकरीला लागल्या त्या दिवशी भांडारातून त्यांना चार वस्तू मिळाल्या होत्या. रेघा मारायचं पेन, काळ्या शाईची बाटली, कापडी पुरचुंडीत बांधलेली खडूची पूड आणि एक ब्लेड. पेनं झिजली, बाटल्या संपल्या, पूड तर निम्मी नाकातच गेली असेल. ब्लेड मात्र मेणकागदाच्या घडीतून कधी बाहेर आलंच नाही.

ट्रेसरचं काम म्हणजे नकाशाची नक्कल. काचेच्या टेबलावर खाली मूळ नकाशा, वर खळ दिलेलं पारदर्शक कापड, आणि खालची एकेक रेघ वर शाईनं गिरवायची. हात चुकला तर ती शाई पुसता येत नाही. ब्लेडच्या टोकानं खरवडायची, मग ती जागा नखानं घोटून गुळगुळीत करायची, आणि नियम असा होता की समासात ‘दुरुस्ती’ असं लिहून खाली सही आणि तारीख टाकायची. बाकीच्यांचे समास हजेरीपटासारखे भरून वाहायचे. बाईंचा समास चोवीस वर्षं कोरा होता. कार्यालय बघायला कुणी पाहुणा आला की शिपाई आधी अध्यक्षांची खुर्ची दाखवी आणि नंतर थेट मागच्या खोलीत नेऊन बाईंचं ब्लेड दाखवी. बाई स्वतः त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. न बोलता मिरवायची जी एक कला असते, ती त्यांना चांगली साधली होती.

मग ती नगरपालिकाच संपली. शेजारच्या मोठ्या नगरपालिकेत विलीन झाली, असं सरकारी कागदात लिहिलं होतं. बाईंचे यजमान त्याच नगरपालिकेत पाणी सोडायचे. हातात पुरुषभर उंचीची लोखंडी चावी घेऊन ते गल्लोगल्ली फिरत, म्हणून सगळे त्यांना चावीवाले म्हणत. त्यांना ‘विलीन’ हा शब्द मुळीच पसंत नव्हता. ते म्हणत, विलीन कसली, विरघळली म्हणा. त्याला आता बावीस वर्षं झाली होती. बाई अडुसष्टच्या होत्या, चावीवाले बहात्तरचे, आणि दोघांचं एकूण बरं चाललं होतं. सकाळी चावीवाले तळ्यावर फिरायला जात, बाई खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत. अर्थात शाईच्या पेनानं.

एके सकाळी मोठ्या नगरपालिकेतून एक तरुण अधिकारी घरी आला. मोठ्या नगरपालिकेनं आजवर गिळलेल्या चारही छोट्या नगरपालिकांवर एकेक पुस्तिका काढायची ठरवली होती, भूगोल आणि इतिहास मिळून बारा पानं. बाकी तिघींसाठी शाळामास्तर मिळाले होते. इथला नकाशा ज्यांच्या हातून उतरला त्या बाई हयात आहेत आणि त्यांचं ब्लेड अजून कोरं आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. बाईंनी चहा टाकला. चावीवाल्यांनी त्याला तिथल्या तिथे ‘पुस्तकसाहेब’ असं नाव देऊन टाकलं.

पुस्तकसाहेबांनी सोबत जुन्या कागदांचा गठ्ठा आणि कापडी नकाशाची गुंडाळी आणली होती. लेखनाला उपयोग होईल, म्हणाले. उठता उठता त्यांनी सगळ्यात आनंदाची बातमी सांगितली. पुस्तिकेचं प्रकाशन पंधरा तारखेला होणार होतं आणि त्याच दिवशी तळ्यावर पहिली कुदळ पडणार होती.

“कसली कुदळ?” बाईंनी विचारलं.

“तळ्याची. तुमच्या नकाशात तळं आहे ना, आज तिथे नुसतं मैदान आहे. आम्ही ते ऐतिहासिक तळं पुन्हा खोदून पाणी भरणार आहोत. मंजुरी आली सुद्धा.”

चावीवाले चहाचा कप खाली ठेवून उठले आणि टाकी भरली का ते बघून येतो म्हणून मागच्या दारानं बाहेर गेले. टाकी तासाभरापूर्वी भरून वाहून गेली होती. बाईंच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

तळ्यात पाणी नव्हतं, ही गोष्ट गावात कुणाला खटकत नसे. त्या मोकळ्या जागेला सगळे तळंच म्हणत. सकाळी तिथे निवृत्त मंडळी गोल गोल फिरत आणि एका बाकावर बसून जगाचा कारभार चालवत. दुपारी आसपासच्या घरांतल्या गाद्या उन्हं खायला येत. संध्याकाळी एका कोपऱ्यात चेंडू, दुसऱ्यात सायकली, आणि अधूनमधून मोटार शिकणारा कुणीतरी सगळ्यांना जीव मुठीत धरायला लावी. बाईंची लेक तिथेच सायकल शिकली होती आणि पहिल्याच दिवशी तिनं बापाला धडक दिली होती. आता त्या लेकीची लेक तिथे शिकत होती. एवढ्या दाटीच्या वस्तीत तेवढा एकच तुकडा मोकळा होता. तो खोदून, पाणी भरून, कडेनं कठडा बांधला की गाद्या, सायकली आणि म्हातारे कुठे जाणार होते, हे मंजुरीत लिहिलेलं नव्हतं.

बाईंना वाईट वाटलं, हे खरं. पण मनातून त्या थोड्या सुखावल्याही. तळं त्यांच्या नकाशातलं होतं. पुढे रंगीत प्रत काढली तेव्हा तो निळा रंग त्यांनी स्वतः भरला होता, कडेला जरा गडद, मध्ये फिका. ती प्रत मोठ्या नगरपालिकेच्या सभागृहात चौकटीत लावलेली होती. इतिहास आहे तो आहे, आपण काय करणार, असं म्हणून त्यांनी गठ्ठा सोडला आणि लिहायला बसल्या.

भूगोल त्यांनी एका बैठकीत हातावेगळा केला. एका बाजूला नदी, एका बाजूला टेकडी आणि उरलेल्या दोन बाजूंना मोठी नगरपालिका. टेकडी अर्धीच आपली, कारण हद्द तिच्या माथ्यावरून जात होती. पुढे हीच हद्द एका रस्त्याच्या मधोमध उतरे. डाव्या हाताचे दिवे यांचे, उजव्या हाताचे त्यांचे, आणि दोन्हीकडचे दिवे कधी एका वेळी लागल्याचं कुणाला आठवत नाही. त्या रस्त्याच्या टोकाला एक शिवणकामवाली राहायची, तिच्या तर स्वयंपाकघरातूनच हद्द गेली होती. चूल एका नगरपालिकेत आणि मोरी दुसरीत. तिला दोन्हीकडचं पाणी यायचं, इकडचं सहाला आणि तिकडचं सातला. चावीवाले तिला दोन माहेरांची म्हणायचे. बाईंनी हे सगळं लिहिलं, मग शिवणकामवालीचा उल्लेख सरकारी पुस्तिकेत शोभेल का म्हणून खोडला, आणि शोभेल म्हणून पुन्हा लिहिला.

इतिहासाला कागद चाळावे लागले. टेकडीच्या पायथ्याशी कौलांचा कारखाना निघाला, त्याच्याभोवती वस्ती झाली आणि वस्तीला नगरपालिका मिळाली. कारखाना बाई नोकरीला लागायच्या आधीच बंद पडला होता. पहिले अध्यक्ष कौलं भाजणारेच होते. त्यांना पुस्तकी भाषेचा कंटाळा होता. आपल्या पाट्या आणि आपले नकाशे बोलतो तसेच लिहायचे, असा त्यांनी ठरावच केला होता. म्हणून साऱ्या मुलखातल्या नकाशांवर ‘तळे’ किंवा ‘तलाव’ असताना यांच्या नकाशावर ‘डबकं’, ‘खोपटं’, ‘झुडपं’ असे शब्द दिसत. मोठ्या नगरपालिकेतले लोक त्यावरून यांना हसायचे. बाईंनी तो ठराव शब्द न शब्द उतरवून घेतला.

गठ्ठ्याच्या तळाशी मोजणीदाराची वही निघाली. म्हातारे मोजणीदार बाईंच्या आधीचे. त्यांनी साखळी ओढून सगळं गाव मोजलं होतं आणि त्यांच्याच शिसपेन्सिलीच्या नकाशावरून बाईंनी पहिली नक्कल केली होती, नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात. वहीत प्रत्येक तुकड्याला क्रमांक होता आणि पुढे मुंगीएवढ्या अक्षरात वर्णन. बाईंनी भिंग घेतलं. कौतुकानंच घेतलं, म्हाताऱ्याचं अक्षर फार देखणं होतं.

क्रमांक एकतीसपुढे लिहिलं होतं: ‘तळ. कौलांच्या गाड्या थांबण्यासाठी. जमीन कोरडी व कठीण. सर्वांसाठी खुला.’

बाईंनी ते तीनदा वाचलं. ‘तळ’च्या डोक्यावर टिंब नव्हतं. भिंगातून नव्हतं आणि भिंगाशिवायही नव्हतं. वाहनांचा असतो, विमानांचा असतो, तसा गाड्यांचा तळ. मग त्यांनी कापडी नकाशाची गुंडाळी उलगडली, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि स्वतःच्या बावीस वर्षांच्या हाताची ती सुरेख, सरळ, एकसारखी अक्षरं वाचली. डबकं. खोपटं. झुडपं. तळं.

त्या दिवसाचं सगळं त्यांना आठवलं असं नाही, पण हाताला आठवलं. एका ओळीत ती अक्षरं लिहीत हात चालला होता. डबकं, टिंब. खोपटं, टिंब. झुडपं, टिंब. आणि त्याच लयीत पुढच्या शब्दावरही पेन टेकलं आणि उचललं. महिन्याभरानं रंगीत प्रत करायला घेतली तेव्हा समोर स्वतःचंच अक्षर होतं, त्यावर अविश्वास कोण दाखवणार. तळं म्हटल्यावर निळा रंग आलाच. तळ्याचे कोपरे काटकोनात कसे, असा प्रश्न त्यांना तेव्हा पडला नव्हता आणि पुढच्या सेहेचाळीस वर्षांत दुसऱ्या कुणालाही पडला नाही.

दुपारभर बाई खिडकीशी बसून राहिल्या. गप्प बसावं, तर पंधरा तारखेला कुदळ पडणार आणि नातीची सायकल, गाद्या, बाक सगळं जाणार, तेही कधीच नसलेल्या तळ्यासाठी. बोलावं, तर आयुष्यभर जे एक नाव कमावलं ते चारचौघांत धुऊन निघणार. पेन्शन जाणार नव्हती, कुणी शिक्षा करणार नव्हतं. जाणार होता तो फक्त कोरा समास. पण बाईंच्या जवळ मिरवायला दुसरं काही नव्हतं, आणि ते त्यांना त्या दुपारी फार स्पष्ट कळलं. त्यांना रडू आलं नाही, स्वतःचा रागच आला.

मग गठ्ठा आवरताना आणखी एक कागद हाती लागला. बाईंच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षातला. कुणा सिनेमावाल्यानं क्रमांक एकतीसवर थिएटर बांधायची परवानगी मागितली होती. नगरपालिकेचा नियम पाण्याच्या जागेवर बांधकाम करू देत नसे, आणि नकाशात तर तळं. म्हणून मुख्याधिकाऱ्यांनी शेरा मारला होता की पाणीपुरवठ्याच्या माणसानं प्रत्यक्ष पाहणी करून अहवाल द्यावा. अहवाल खालीच होता, तिरप्या, घाईच्या अक्षरात. त्या अक्षरातल्या वाणसामानाच्या याद्या बाई चव्वेचाळीस वर्षं वाचत आल्या होत्या.

‘पाहणी केली. सध्या पाणी नाही.’

एवढंच. खाली सही. त्यावर मुख्याधिकाऱ्यांचा शेरा होता: ‘सध्या नसले तरी तळे आहे. परवानगी नाकारावी.’ पुढे त्याच कागदाचा दाखला देऊन एक शीतगृह आणि एक मंगल कार्यालयही परत पाठवलं होतं.

संध्याकाळी चावीवाले बाहेरून आले तेव्हा बाई स्वयंपाकघरात कागद समोर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी यजमानांना हातपायसुद्धा धुऊ दिले नाहीत.

“हे अक्षर कुणाचं?”

चावीवाल्यांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला, मग जवळ धरला. एवढा वेळ घेतला की उत्तर त्यातच आलं.

“माझंच दिसतंय.”

“तुम्हाला माहीत होतं तळं नाही ते.”

“मी पाण्याचा माणूस. पहार मारून बघितली, तर ठिणगी उडाली. चिखलाचा मागमूस नाही. ज्या जागी कधी थेंब थांबला नाही, ती जागा मला कळणार नाही होय?”

“मग ‘सध्या’ का लिहिलंत?”

चावीवाले स्टुलावर बसले. त्यांनी सांगितलं ते असं. तळ्याची पाहणी करून ते तरातरा कार्यालयात आले होते, ते नकाशा करणाऱ्याची चांगली हजेरी घ्यायला. मागच्या खोलीच्या दारात पोचले, तर शिपाई कुणा पाहुण्याला ब्लेड दाखवत होता आणि टेबलामागे एक मुलगी मान खाली घालून रेघ मारत होती. कौतुक चाललं होतं तिचं आणि ती ऐकूच येत नाही असं दाखवत होती, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. चावीवाले दारातूनच मागे फिरले. खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं लिहवेना. तेव्हा त्यांनी बराच विचार करून एक शब्द जास्तीचा घातला.

“आणि घरी आणल्यावर तरी सांगायचं की नाही?” बाई म्हणाल्या. “चव्वेचाळीस वर्षं?”

“सांगणार होतो. पण तोवर तिथे पोरं खेळायला लागली होती. तुझ्या त्या टिंबामुळे कुणाला तिथे वीट रचता येत नव्हती. मी म्हटलं, असू दे. टिंब चुकीचं असेल, पण बसलंय चांगल्या जागी.”

बाईंना हसावं की भांडावं ते कळेना. त्यांनी आधी भांडून घेतलं, कारण ते त्यांना सोपं होतं. आपल्यामागे आपल्याला सांभाळून घेतलं जात होतं आणि आपण मात्र इतकी वर्षं त्यांना त्यांच्या गिचमिड अक्षरावरून बोलत होतो, हे त्यांना जास्त लागलं. मग त्या म्हणाल्या की आपण पुस्तकसाहेबांना सांगणार आहोत. चावीवाले म्हणाले, सांगायलाच पाहिजे असं नाही, मी सांगतो की माझी पाहणी चुकली. बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून टाकी बघायला गेले.

पुस्तकसाहेबांनी पुस्तिकेसाठी आणि खोदाईसाठी बोलावलेली बैठक जुन्या कार्यालयातच होती. तिथे आता अर्ज भरून घेण्याची खिडकी होती. मागच्या खोलीतलं काचेचं टेबल मात्र कुणी हलवलेलं नव्हतं. त्यावर कोऱ्या अर्जांचे ढीग रचलेले होते. बाईंनी आल्याबरोबर ते उचलून बाजूला ठेवले आणि काचेवरून पदर फिरवला. पुस्तकसाहेब होते, खोदाईचं काम बघणाऱ्या अभियंताबाई होत्या आणि गावाच्या वतीनं सलूनवाले होते. सलूनवाले पंच्याहत्तरीचे, आणि तळ्याविषयी माहिती द्यायला खास बोलावलेले. आपण लहानपणी त्या तळ्यात पोहायला शिकलो, असं त्यांनी साहेबांना आधीच लिहून दिलं होतं. तळ किती खोल होता तेही दिलं होतं.

बाईंनी प्रस्तावना वगैरे केली नाही. मोजणीदाराची वही उघडली, कापडी नकाशा शेजारी पसरला आणि दोन्हीकडच्या क्रमांक एकतीसवर बोट ठेवलं. अभियंताबाईंना आधी उमगलं. त्या खाली वाकल्या, पुन्हा वाकल्या, आणि आपण काढलेल्या खोदाईच्या आराखड्याची सुरळी त्यांनी हळूच टेबलाखाली ठेवली. पुस्तकसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मंजुरी, प्रकाशन, पाहुणे, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. पण मुलगा भला होता. त्याला बाईंच्या ब्लेडची गोष्ट ठाऊक होती आणि समोर बसलेल्या बाईंचा चेहराही दिसत होता.

“काकू,” तो म्हणाला, “हा शाईचा थेंब असेल. पेनातून पडला असेल. असं होतं. आपण तसं लिहू, की कालांतरानं थेंब पडल्यामुळे गैरसमज झाला. म्हणजे चूक कुणाचीच नाही.”

वाट चांगली रुंद होती आणि बाईंना नुसतं हो म्हणायचं होतं. दाराशी उभ्या असलेल्या चावीवाल्यांनी तर मान हलवलीही.

“थेंब पडला की कडेला फुटतो,” बाई म्हणाल्या. “हे बघा, कसं गोल आहे. डबक्यावरच्या टिंबाएवढंच, नीट मध्यभागी. हे पडलेलं नाही. मी दिलेलं आहे.”

मग त्यांनी पिशवीतून मेणकागदाची घडी काढली. सेहेचाळीस वर्षांत कागद पिवळा पडून घडीवर चिकटला होता, तो नखानं सोडवावा लागला. ब्लेड मात्र आरशासारखं होतं. जुन्या नियमाप्रमाणे दुरुस्ती ज्याची चूक त्यानंच करायची असते, असं त्यांनी साहेबांना सांगितलं आणि परवानगी मागितली. साहेबांनी आधी मोबाइलवर त्या जागेचा फोटो काढून घेतला, मग मान डोलावली.

टेबलाखालचा दिवा लावला तो चक्क लागला. बाईंनी कापड काचेवर सरळ केलं, डाव्या हाताची दोन बोटं ‘तळ’च्या दोन्ही बाजूंना ठेवली आणि ब्लेडचं टोक टिंबावर टेकवलं. काचेवर टेकल्याबरोबर हाताला आपलं काम आठवलं. टिंब भुकटी होऊन निघालं. बाईंनी फुंकर मारली, जागा नखानं घोटली, गुळगुळीत झाली का ते बोटाच्या पेरानं पाहिलं. मग पेन मागून घेतलं आणि समासात लिहिलं: ‘दुरुस्ती. एक टिंब. चूक माझी.’ खाली सही आणि तारीख. सेहेचाळीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या त्या कापडावर ती ओळ जरा एकटी दिसत होती, पण अक्षर चांगलं आलं होतं.

त्यांना वाटलं होतं, फार मोठं काही कोसळेल. तसं काही झालं नाही. उलट सकाळपासून घट्ट आवळलेली पाठ मोकळी झाली आणि चहा मिळाला तर बरं, असं वाटलं.

अभियंताबाईंनी वहीतली पुढची ओळ मोठ्यानं वाचली. सर्वांसाठी खुला. त्या म्हणाल्या की तळ म्हणजे सार्वजनिक जागाच, तिथे खोदाईही नाही आणि बांधकामही नाही. हे आपण लेखी देतो. शेवटी सलूनवाल्यांनी विचारलं, मग आपण पोहायला शिकलो ते कुठे. चावीवाल्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की कौलांच्या कारखान्यानं माती काढलेला खड्डा टेकडीपलीकडे होता, त्यात. सलूनवाल्यांनी थोडा विचार केला आणि ते त्यांना पटलं. खड्डा त्यांनी गेल्या वीस वर्षांत गिऱ्हाइकांना सांगता सांगता थोडाथोडा सरकवत मैदानापर्यंत आणला होता, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

पुस्तिका पंधरा तारखेलाच निघाली. कुदळ पडली नाही, म्हणून त्याऐवजी अध्यक्षांनी मैदानावर एक नवं बाक ठेवलं आणि त्यावर पाटी लावली: ‘तळ. सर्वांसाठी खुला.’ तरी लोक तळ्यावरच चाललो म्हणतात. तेवढ्यानं काही बिघडत नाही, आता बोलण्यातलं टिंब कोण खरवडणार.

छापायच्या आधी मात्र पुस्तकसाहेब एकदा घरी आले होते. बाईंच्या हस्तलिखितात त्यांना एकच शब्द खटकला होता. भूगोलाच्या शेवटी बाईंनी यादी दिली होती: ‘नदी एक. टेकडी अर्धी. तळे सध्या नाही.’ साहेबांनी ‘सध्या’खाली पेन्सिलीनं रेघ ओढली होती. आता सगळं स्पष्ट झालं आहे, तळं कधीच नव्हतं, मग हा शब्द कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. दुरुस्त करू का, असं त्यांनी विचारलं.

चावीवाले खिडकीशी बसून शब्दकोडं चुकवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण पेन थांबलं.

“नको,” बाई म्हणाल्या. “तो शब्द तसाच राहू द्या. तो आमच्या घरचा आहे.”

साहेबांनी रेघ खोडरबरानं पुसली आणि ते पान पुढे सरकवलं.